स्वमग्नतेचे प्रमाण

स्वमग्नतेचे प्रमाण : स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीशी निगडित आणि बालवयातच प्रकट होणारी अवस्था होय. इतरांशी दृष्टिभेट, हावभाव व भाषा ह्यांच्या द्वारा संपर्क साधण्यातील अडचण, तसेच वर्तनातील व आवडीनिवडींतील एकसुरी पुनरावृत्ती, ही तिची दोन प्रमुख लक्षणे मानण्यात येतात. हाक मारली असता मूल वळून पाहत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखविण्याऐवजी मोठ्या माणसाचा हात धरून तो तिच्याकडे नेते. फिरत्या चाकाकडे वा पंख्याकडे बराच वेळ टक लावून पाहते. पिठाच्या गिरणीचा किंवा ढोलताशाचा आवाज त्याला असह्य होतो. काही मुलांना मुळीच बोलता येत नाही, तर काही अस्खलित बोलतात. काहींची बौद्धिक वाढ खुंटलेली असते [⟶ मनोदौर्बल्य], तर काही शालेय अभ्यासात इतरांच्या पुढे असतात. रक्ततपासणी किंवा मेंदूची प्रतिमा ह्यांवरून स्वमग्नतेचे निदान होत नाही. मुलाचे वर्तन पाहून आणि पालकांकडून त्याच्या वाढीचा इतिहास ऐकूनच ते करावे लागते. तिच्या प्रमाणाविषयी जो वाद चालू आहे, त्याचे मूळ ह्या गोष्टीत आहे.

इंग्लंडमधील मिडलसेक्स परगण्यात व्हिक्टर लॉटर ह्यांनी केलेल्या व १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आठ ते दहा वर्षे वयाच्या दर दहा हजार मुलांत ४.५ मुले स्वमग्न आढळली. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने २०२२ ह्या वर्षासाठी काढलेला व २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला आकडा आठ वर्षे वयाच्या दर ३१ मुलांत एक, म्हणजे दहा हजारांत सु. ३२० असा आहे. दोहोंची थेट तुलना केल्यास ही वाढ सत्तरपट भरते. ती वृत्तपत्रांतून वारंवार केली जाते आणि तिच्यावरून ‘स्वमग्नतेची साथ’ आल्याचे सांगितले जाते. ही वाढ त्या अवस्थेची, की ती ओळखण्याच्या व मोजण्याच्या रीतीतील बदलाची, हा खरा प्रश्न आहे. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) ह्यासारख्या जिल्ह्यात तर तो अधिकच बिकट होतो. कारण तेथे जुना आकडाच उपलब्ध नाही आणि नवा आकडा मात्र शासकीय नोंदींतून हळूहळू तयार होत आहे.

नाव आणि व्याप्ती : ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मानसोपचारतज्ञ ऑइगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) ह्यांनी छिन्नमानसाच्या रुग्णांतील एका लक्षणासाठी योजिला होता. मुलांमधील स्वतंत्र अवस्था ह्या अर्थाने तो रूढ झाला तो लिओ कॅनर (१८९४–१९८१) ह्यांच्या १९४३ मधील निबंधामुळे. त्यात बॉल्टिमोर येथे तपासलेल्या अकरा मुलांचे वर्णन आहे. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर (१९०६–८०) ह्यांनी चांगले बोलणाऱ्या, पण इतरांत न मिसळणाऱ्या मुलांविषयी लिहिले. त्याहीपूर्वी, १९२० नंतरच्या दशकात, मॉस्कोतील ग्रुन्या सुखारेवा ह्यांनी अशाच सहा मुलग्यांचे बारकाईने वर्णन केले होते. परंतु त्याकडे फार उशिरा लक्ष गेले. आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, कोरड्या वागणुकीमुळे मूल असे होते, हा समज मध्यंतरी बराच पसरला होता. तो पूर्णपणे चुकीचा ठरला असून त्याने अनेक मातांना विनाकारण अपराधी ठरविले.

कॅनर ह्यांची कसोटी कडक होती आणि लॉटर ह्यांनी ती जवळजवळ तशीच वापरली. लंडनच्या कॅम्बरवेल विभागात लॉर्ना विंग (१९२८–२०१४) व जुडिथ गूल्ड ह्यांनी केलेल्या पाहणीत (१९७९) मात्र कॅनर ह्यांच्या चौकटीत न बसणारी, पण सामाजिक संपर्कात तशीच उणीव असणारी मुलेही विचारात घेतली गेली आणि प्रमाण दहा हजारांत सु. वीस झाले. एकाच देशात सु. तेरा वर्षांत चौपट वाढ झाली ती केवळ कसोटी सैल केल्यामुळे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेत स्वमग्नतेला १९८० मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. १९८७ मध्ये व्याख्या रुंदावली, १९९४ मध्ये आस्पेर्गर लक्षणसमूह तीत समाविष्ट झाला आणि २०१३ मध्ये सर्व उपप्रकार मोडीत काढून सौम्यापासून तीव्रापर्यंत पसरलेला एकच ‘वर्णपट’ मानण्यात आला. अतिचंचलतेचे निदान झालेल्या मुलास स्वमग्नतेचेही निदान देण्यास असलेली आडकाठी ह्याच वेळी दूर झाली.

मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द अलीकडचा आहे. नाव नव्हते तेव्हा मुलेही नव्हती, असे अर्थातच नाही. नगर जिल्ह्याच्या खेड्यांत अशा मुलाला घुमा, मुका, खुळा वा येडा म्हटले जाई. बाहेरची बाधा झाली असे समजून देवऋष्याकडे नेले जाई. किंवा ‘ह्याचा बापही उशिराच बोलायला लागला’ असे सांगून आईची समजूत घातली जाई. हे शेवटचे वाक्य वाटते तितके अडाणीपणाचे नाही, कारण स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. कॅनर ह्यांच्या निबंधापूर्वी, १९३६-३७ मध्ये, ह्याच जिल्ह्यातील राहुरी येथे मेहेरबाबांनी वेड्या मानल्या गेलेल्या व्यक्तींसाठी एक आश्रम चालविला होता. वेडा व ‘मस्त’ (ईश्वरी ध्यासात देहभान हरपलेला) असा भेद त्यांच्या वर्तुळात केला जाई. तेथील कोणाला कोणती अवस्था होती हे आज ठरवू पाहणे व्यर्थ आहे. मात्र विचित्र भासणाऱ्या वर्तनाचे वर्गीकरण समाज आपल्या जवळच्या शब्दांनी करतो आणि नोंद होते ती त्या शब्दांची, हे ह्या उदाहरणावरून कळते.

मोजण्याच्या रीती : वर उल्लेखिलेला अमेरिकन आकडा मुलांची प्रत्यक्ष तपासणी करून काढलेला नसून ठरावीक केंद्रांतील शाळांच्या व दवाखान्यांच्या नोंदींवरून काढलेला आहे. २००० साली ह्याच पद्धतीने तो दीडशेत एक होता. त्याच्या पोटातील विषमता लक्षणीय आहे. २०२२ मध्ये टेक्सस राज्यातील लरेडो येथे दर हजारी ९.७, तर कॅलिफोर्नियातील केंद्रात ५३.१ मुलांची नोंद झाली. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच वयाच्या मुलांत मूळ अवस्था पाचपटीहून अधिक भिन्न असेल हे संभवनीय नाही. कॅलिफोर्नियातील त्या भागात बालरोगतज्ञांना लवकर निदान करण्याचे खास शिक्षण देण्यात आले आहे, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

शोध घेतला की मुले सापडतात, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण कोरियातील आहे. गोयांग शहरात सात ते बारा वर्षांच्या मुलांची सरसकट पाहणी करण्यात आली (२०११) आणि प्रमाण शेकडा २.६४ निघाले. त्यांतील सु. दोन-तृतीयांश मुले साध्या शाळांत शिकत होती व त्यांचे निदान कधीही झालेले नव्हते. स्वीडनमध्ये १९९३ ते २००२ ह्या काळात जन्मलेल्या मुलांविषयीच्या अभ्यासात नोंदलेली निदाने सतत वाढत गेली. परंतु पालकांना तेच प्रश्न विचारून मोजलेले लक्षणांचे प्रमाण दहाही वर्षे जवळजवळ स्थिर राहिले. डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९१ दरम्यान जन्मलेल्यांच्या नोंदींतील वाढीपैकी सु. साठ टक्के वाढ निदानाचे निकष बदलल्याने व बाह्यरुग्णांची नोंद सुरू झाल्याने झाली, असा हिशेब २०१५ मध्ये मांडण्यात आला. इंग्लंडमध्ये २००७ साली प्रौढांची पाहणी झाली, तीत सु. एक टक्का व्यक्ती स्वमग्न आढळल्या आणि वयानुसार प्रमाणात फरक दिसला नाही. स्वमग्नता नव्या पिढीतच वाढली असती, तर वृद्धांत ती कमी दिसावयास हवी होती.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. डेन्मार्कच्या हिशेबात चाळीस टक्के वाढ स्पष्टीकरणाविना उरते. अमेरिकेत बोलता न येणाऱ्या वा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या स्वमग्न मुलांचे प्रमाण २००२ मध्ये हजारी २.७ होते ते २०१६ मध्ये ४.६ झाले. सौम्य प्रकाराची वाढ (३.९ वरून १४.३) त्याहून कितीतरी मोठी असली, तरी इतकी तीव्र लक्षणे पूर्वी कोणाच्या नजरेस पडलीच नसतील, असे म्हणणे कठीण आहे. अर्थात त्यांतील पुष्कळ मुले पूर्वी मनोदुर्बल म्हणून नोंदली जात. एका रकान्यातील घट व दुसऱ्यातील वाढ अमेरिकन शाळांच्या नोंदींत बरोबरीने दिसते.

भारतातील पाहण्या : भारतात आकड्यांचा गोंधळ वेगळ्या प्रकारचा आहे. हिमाचल प्रदेशात एक ते दहा वर्षांच्या मुलांत प्रमाण शेकडा ०.१५ आढळले, तर कोलकात्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांत ०.२३. भारतातील विविध पाहण्यांचे संकलन करून २०१९ मध्ये ग्रामीण भागासाठी ०.११ व नागरी भागासाठी ०.०९ हे आकडे काढण्यात आले. ह्याउलट पलवल, कांग्रा, ढेंकानाल, हैदराबाद व उत्तर गोवा ह्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची पाहणी होऊन (२०१८) प्रमाण सु. एक टक्का निघाले. मराठी वाचकाला उत्तर गोव्याचा समावेश विशेष महत्त्वाचा वाटेल, कारण महाराष्ट्राला भाषेने व चालीरीतींनी जवळचे असे ह्या पाचांतील ते एकमेव ठिकाण आहे.

ह्या आकड्यांचा अर्थ एखाद्या जिल्ह्यापुरता पाहू. एक लाख मुले गृहीत धरल्यास लॉटर ह्यांच्या प्रमाणाने त्यांत ४५ मुले स्वमग्न निघतील, २०१९ च्या संकलनाप्रमाणे सु. १००, २०१८ च्या पाहणीप्रमाणे सु. १,००० आणि अमेरिकन प्रमाणाने सु. ३,२००. मुले तीच, जिल्हा तोच. पहिल्या आकड्यावर विसंबणारे प्रशासन जिल्ह्याच्या ठिकाणी एक वाचोपचारतज्ञ नेमून थांबेल. तिसरा आकडा मानल्यास प्रत्येक तालुक्यात प्रशिक्षित शिक्षकांची सोय करावी लागेल.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नोंदी : हा जिल्हा क्षेत्रफळाने (१७,०४८ चौ. किमी.) महाराष्ट्रात सर्वांत मोठा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. त्या जनगणनेत अपंगत्वाचे जे प्रकार विचारले गेले, त्यांत स्वमग्नतेचा प्रकार नव्हता. प्रगणकाने अशा मुलाची नोंद ‘मतिमंदत्व’, ‘वाचा’, ‘मानसिक आजार’ अथवा ‘इतर’ ह्यांपैकी कशात तरी केली असेल, किंवा घरच्यांनी काहीच न सांगितल्याने ती झालीही नसेल. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमातही स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिचा प्रथम उल्लेख केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने (२०१६) एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. त्यामुळे त्यापूर्वीच्या प्रमाणपत्रांवर मतिमंद हाच शेरा पडणे स्वाभाविक होते, कारण सवलती त्या शेऱ्याला मिळत. आता नव्या प्रमाणपत्रांवर स्वमग्नता लिहिली जाऊ लागल्याने जिल्ह्याच्या दप्तरात ती शून्यातून वर येताना दिसेल. ह्या चढत्या रेषेला रोगाची वाढ समजणे म्हणजे नव्या रकान्याला नवा रोग समजणे होय.

प्रमाणपत्रासाठी ‘स्वमग्नता मूल्यमापनाची भारतीय श्रेणी’ वापरण्यात येते. तीत चाळीस प्रश्न असून ७० पेक्षा कमी गुण पडल्यास स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम व त्यापुढे तीव्र असे मानतात. ही तपासणी करू शकणाऱ्या तज्ञांपर्यंत पोहोचणे हाच मुख्य अडथळा आहे. अकोले तालुक्यातील घाटमाथ्यावरच्या महादेव कोळी वा ठाकर वस्तीपासून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किमी.हून अधिक दूर पडते. आवाज व गर्दी सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन एसटीने हा प्रवास करणे आणि बहुधा तो पुन्हापुन्हा करणे म्हणजे पालकांच्या कित्येक दिवसांची मजुरी बुडणे होय. साहजिकच नोंदी शहराभोवती व लोणीसारख्या वैद्यकीय शिक्षणाच्या केंद्राभोवती दाटतात आणि डोंगराळ भागात विरळ होतात. ह्यावरून स्वमग्नता हा शहरी विकार आहे असा निष्कर्ष काढणारेही आढळतात. त्यांनी लरेडोचा आकडा आठवावा.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळांतील मुलांची एकदा तपासणी करतात. तपासणीच्या तीस विकारांच्या यादीत स्वमग्नता आहे. ही सोय मोलाची आहे. परंतु अंगणवाडीत एकामागून एक मुले तपासताना हृदयाचा दोष वा दुभंगलेला ओठ जसा ध्यानात येतो, तशी दृष्टिभेटीची उणीव येत नाही. शिवाय स्वमग्न मूल अनेकदा अंगणवाडीत येतच नाही. ते गोंधळ करते म्हणून त्याला घरी ठेवतात. पाथर्डी, शेवगाव व जामखेड ह्या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात ती उन्हाळा लागताना परततात. पथक गावात येते तेव्हा मूल कारखान्याच्या तळावर, कोपीत असते. ज्या वयात, म्हणजे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान, लक्षणे ओळखून भाषेचा व संपर्काचा सराव सुरू केल्यास सर्वाधिक लाभ होतो, नेमक्या त्या वयाचे हंगाम असे निघून जातात.

ह्या जिल्ह्याजवळ मोजदादीचा एक निराळा अनुभवही आहे. जामखेड येथे रजनीकांत (१९३४–२०११) व मेबल (१९३५–९९) आरोळे ह्या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यासाठी त्यांना १९७९ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. गावातल्याच, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रीला आरोग्यसेविका म्हणून तयार करणे हा त्या प्रकल्पाचा गाभा होता. कुष्ठरोगासारखा लपविला जाणारा विकार दवाखान्यात बसून मोजता येत नाही. घरात ऊठबस असणाऱ्या बाईला तो दिसतो. अशा शोधाच्या आरंभी कुष्ठरोग्यांची संख्या नेहमीच वाढते, कारण वर्षानुवर्षे साचलेले रुग्ण एकदम पुढे येतात. उपचार होताच ती उतरते. स्वमग्नतेत पहिला भाग असाच घडेल, दुसरा घडणार नाही. ती बरी होणारी व्याधी नसल्याने नोंदी चढत जाऊन एका पातळीवर स्थिरावल्या पाहिजेत. सर्व मुलांपर्यंत शोध पोहोचल्यानंतरही त्या चढतच राहिल्या, तर मात्र खरी वाढ होत असल्याचा संशय घेण्यास आधार मिळेल. कोणत्याही तालुक्यात हा टप्पा अद्याप आलेला नाही. इंग्लंडप्रमाणे गावातील तिशी-चाळिशीच्या प्रौढांची त्याच कसोट्यांनी पाहणी करणे हा दुसरा मार्ग आहे.

वाढीची संभाव्य कारणे : स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा सु. ८० टक्के असावा, असे पाच देशांतील वीस लाखांवर मुलांच्या अभ्यासावरून (२०१९) दिसते. लोकसंख्येतील जनुके एका पिढीत बदलत नाहीत; म्हणून खरी वाढ असल्यास ती मर्यादित असावी आणि तिची कारणे इतरत्र शोधावी लागतात. आईवडिलांचे, विशेषतः पित्याचे, वय वाढले की संभव काहीसा वाढतो. पाश्चात्त्य देशांत उशिरा होणाऱ्या अपत्यांमुळे ह्या कारणाला महत्त्व आहे. नगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात विवाहाचे वय अद्याप त्या मानाने कमीच आहे. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बालके आता नवजात अतिदक्षता विभागांमुळे जगतात आणि त्यांच्यात स्वमग्नतेचे प्रमाण अधिक असते. हे कारण मात्र येथेही लागू पडावे. गरोदरपणात घेतलेले व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे औषध हा एक सिद्ध धोका आहे. पॅरासिटामॉलविषयी अमेरिकन शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये इशारा दिल्याने बरीच खळबळ माजली. परंतु स्वीडनमधील सु. २५ लाख मुलांच्या अभ्यासात (२०२४) सख्ख्या भावंडांची तुलना केली असता तो संबंध उरला नाही. मोबाइलच्या अतिवापराने मुलाचे बोलणे लांबू शकते. त्यामुळे स्वमग्नता उद्‌भवते असे सिद्ध झालेले नाही.

लसीकरणाचा प्रवाद सर्वांत घातक ठरला. गोवर-गालगुंड-रुबेला लसीमुळे स्वमग्नता होते असे सुचविणारा अँड्रू वेकफील्ड ह्यांचा १९९८ मधील निबंध लॅन्सेट नियतकालिकाने २०१० मध्ये रद्द केला. जपानमधील योकोहामा येथे १९९३ नंतर ही लस बंद होऊनही स्वमग्नतेची नोंद वाढतच गेली आणि डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या अभ्यासात (२०१९) कोणताही संबंध आढळला नाही. उलट गरोदरपणी होणारा रुबेला हे स्वमग्नतेचे एक खरे कारण आहे. १९६४ मधील अमेरिकेतील साथीनंतर रुबेलाबाधित जन्मलेल्या २४३ मुलांचा स्टेला चेस ह्यांनी अभ्यास केला (१९७१), तेव्हा त्यांत अठरा मुलांत पूर्ण वा अंशतः स्वमग्नता आढळली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून झालेल्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेने हे कारण कमीच केले असले पाहिजे.

मुली : अमेरिकेतील ताज्या नोंदींत मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या ३.४ पट आहे. घरोघर शोध घेणाऱ्या पाहण्यांत हे गुणोत्तर तिनास एकच्या आसपास येते, तर आधीच निदान झालेल्यांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांत ते चारास एकहून अधिक असते. म्हणजे मुली निसटतात. इतरांचे पाहून वागण्याची, उणीव झाकण्याची धडपड मुली अधिक करतात, असे एक कारण दिले जाते. खेड्यात आणखी एक कारण संभवते. मुलगा बोलत नाही म्हणून घरात चिंता सुरू होते आणि दवाखान्याची वाट धरली जाते. मुलगी बोलत नाही, कोणात मिसळत नाही, एका कोपऱ्यात तासभर धान्य निवडत बसते, तेव्हा तिला शांत व गुणी म्हणतात आणि तिची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

पहा : बालमानसशास्त्र, मनोदौर्बल्य, रोगपरिस्थितिविज्ञान, वाचादोष.